नावेच्या फळ्यांचा दिवाण

भीमेवर पूल झाला आणि राहू गावाजवळची माणसं पलीकडं नेणारी जुनी नाव काठावर पडून राहिली. तळेगावचे रंगनाथ सुतार जुन्या लाकडाच्याच वस्तू करायचे. त्यांनी ती नाव आणली आणि तिच्या फळ्यांचा दिवाण करून शेजारच्या कस्तुराबाईंना दिला.

आठवड्याभरात कस्तुराबाई दुकानात आल्या. "मामा, दुपारी त्याच्यावर पडलं की कानाशी कुणीतरी म्हणतं, पलीकडं सोडता का? घरात तवा कुणीच नसतं."

 रंगनाथ त्यांच्या घरी जाऊन स्वतःच दिवाणावर आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच थकलेला आवाज आला, "पलीकडं सोडता का?"

त्यांच्या अंगावर काटा आला. तरी ते उठून बसले आणि म्हणाले, "व्हय, बसा."

दिवाण एका बाजूनं खचला, मग दुसऱ्या बाजूनं. माणसं एकेक करून बसत असावीत, कारण रंगनाथांना पाय आखडून घ्यावे लागले. बऱ्याच वेळानं तो तसाच हळूहळू हलका झाला.

दारापर्यंत ओली पावलं उमटली होती. कस्तुराबाई ती पुसायला वाकल्या.

"ऱ्हाऊ द्या," रंगनाथ म्हणाले. "वाळतील आपसूक. त्यात एक लेकराचं हाय."