पहिल्या टोलाचा मान

शिवणबाईंनी दोराला गुंडाळलेल्या मखमलीत शेवटचा टाका घातला, दाताने दोरा तोडला आणि घंटेचा तो दोर मुठीत धरून पाहिला. मखमल जाड होती, हाताला मुळीच रुतत नव्हती. त्यांनी मूठ जरा घट्ट केली. वर मनोऱ्यात कालच चढवलेली नवी घंटा एवढ्याने हलणार नव्हती, तरी शेजारी उभी असलेली सून घाईने पुढे झाली.

"आई, ओढाल हं चुकून."

"ओढतेय कशाला? माप बघतेय."

"माप बघायला एवढा वेळ?"

बाईंनी दोर सोडला आणि सुया डबीत भरायला घेतल्या.

चर्चमध्ये सकाळपासून नुसती धांदल चालली होती. तरुण पाळक बाह्या सरसावून स्वतः खुर्च्या वाहत होते, गायनमंडळातल्या मुली एकमेकींचे झगे ओढूनताणून सारखे करत होत्या आणि पोरं मनोऱ्याखाली माना वर करून घंटा दिसते का बघत एकमेकांवर आपटत होती. जुनी घंटा तडकल्यापासून उपासनेच्या वेळी लाउडस्पीकरवर घंटेचा आवाज लावायचे. तो खरखरता आवाज ऐकून बाईंचं डोकं उठायचं. आज खरी घंटा वाजणार होती. बाईंना रात्रभर झोप नव्हती.

या मंडळीची एक जुनी रीत होती. चर्चमध्ये नवं काहीही आलं, की त्याला पहिला हात सगळ्यात वयस्कर सभासदाचा. नवी बाजाची पेटी आली तेव्हा एका थरथरत्या आजोबांनी पहिला सूर दाबला होता, आणि तो चुकीचा होता तरी सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं. आता नव्या घंटेचा पहिला टोल नर्सबाईंचा, यात कुणाला शंका नव्हती. अर्ध्या मंडळीला त्यांनीच जन्माच्या वेळी हातात धरलं होतं. त्यांच्या खालोखाल शिवणबाई, दोन वर्षांनी लहान.

खरी गोष्ट अशी, की शिवणबाई नर्सबाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या.

लग्न जुळवताना त्यांच्या आत्याने चार वर्षं सरळ गिळून टाकली होती. नवरा मुलगा वर्षाने लहान निघत होता, आणि त्याची आई असली सून दारातही उभी करणार नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. नवरीने नुसती मान डोलावली. मग ती डोलावलेली मान तशीच राहिली. नवरा या चर्चची घंटा वाजवायचा. घरात काही वाद झाला, की तो छाती काढून म्हणायचा, "मी मोठा आहे, माझं ऐक." बाई ऐकायच्या. एकदा तरी दोर ओढू दे म्हणून मागे लागल्या, तर म्हणायचा, "अजून लहान आहेस, दोराबरोबर वर जाशील." सगळी हसायची. बाईही हसायच्या, आणि मग घरी येऊन उगाचच भांडी आपटायच्या. तो आजारी पडला तेव्हा त्यांनी दहादा ओठांपर्यंत आणलं आणि दहादा गिळलं. तो गेला, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

घंटा येणार हे कळल्यापासून बाईंच्या जिवाला चैन नव्हतं. गप्प बसावं, तर परमेश्वराच्या घरात, सगळ्यांच्या देखत, ते खोटं पुन्हा एकदा खरं करून घ्यायचं. बोलावं, तर लोक म्हणणार, इतकी वर्षं विवेक झोपला होता आणि मान मिळायची वेळ आली तेव्हा बरा जागा झाला. शिवाय नर्सबाईंच्या हातचं हिसकावून घ्यायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दोर ओढायची त्यांना मनापासून इच्छा होती. ती इच्छा नसती, तर त्या केव्हाच बोलून मोकळ्या झाल्या असत्या.

"बाई, काय झकास शिवलंय." पाळकांनी जवळ येऊन मखमलीवरून बोट फिरवलं. "नर्सबाईंच्या हाताला लोण्यासारखं लागेल."

"पाळकसाहेब, एक बोलायचं होतं."

"बोला ना."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि पोरांनी गलका केला. नर्सबाई आल्या होत्या. काठी, पांढरीशुभ्र साडी, केसात चक्क फूल. पाळक बाईंकडेच बघत उभे होते.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "दोर ओला होऊ देऊ नका, मखमल आकसते."

दोर दारापाशी, मनोऱ्याखाली लोंबत होता. त्यामुळे उपासना सुरू व्हायच्या वेळी सगळी मंडळी वेदीकडे पाठ करून उभी राहिली. पाळकांनी प्रार्थना केली, तीही आनंदाने जरा भरभरच. मग त्यांनी नर्सबाईंचा हात धरून त्यांना पुढे आणलं. तीन टोल द्यायचे ठरले होते. पोरांनी कानांवर हात तयारच ठेवले.

नर्सबाईंनी दोर धरला. सगळ्यांनी श्वास रोखला. मग त्यांनी दोर सोडून दिला.

"हे मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"जड वाटतोय का? मी हात लावू?" पाळकांनी विचारलं.

"जड नाही हो. रीत काय आहे? वयाने सगळ्यात मोठ्या माणसाने वाजवायची. मी सगळ्यात मोठी नाही."

मंडळीत कुजबुज उसळली. माना इकडेतिकडे वळू लागल्या. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला विसर पडायला लागला.

"मग कोण मोठं?" पाळकांनी हळूच विचारलं.

"ते मी सांगणार नाही. कामावर असताना जे कळलं, ते मी कधी बाहेर बोलले नाही. आजही बोलायची नाही. पण खोट्या मानाने घंटाही वाजवायची नाही." नर्सबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. "थांबूया थोडं. तिला यायचं असेल तर येईल."

शिवणबाईंनी बाजूला पाहिलं. सून शेजारी उभी राहून मजेत इकडेतिकडे बघत होती. नातवाच्या चेहऱ्यावर तर जत्रेला आल्यासारखा आनंद होता. बाईंनी मनात म्हटलं, प्रभू, मला आता तरी उचल. आणि मग कुणी न उचलताच त्या चालायला लागल्या.

"आई, कुठे निघालात?"

बाई दोरापाशी जाऊन वळल्या. त्यांना वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण फुटला, आणि चांगला खणखणीत फुटला.

"मोठी मी आहे. लग्नात चार वर्षं कमी सांगितली. आत्याने सांगितली आणि मी मान डोलावली. तेव्हापासून डोलावतेच आहे. नवऱ्यालासुद्धा कधी खरं सांगितलं नाही. मला मान नको. नर्सबाईच वाजवतील. फक्त हे आणखी पुढे जायला नको, म्हणून बोलले."

बाईंच्या थोरल्या मुलाचं तोंड उघडं ते उघडंच. मग मागून कुणीतरी हसलं, मग दुसरं, आणि बघता बघता सगळी मंडळी हसायला लागली. त्यात वाईट काही नव्हतं. पाळकांनीही चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हणजे तू मला इतकी वर्षं फुकट अहो-जाहो केलंस," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोर बाईंच्या हातात दिला. "धर."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"तूच. थोरल्याच्या वेळी. कळा चालू होत्या, मी वय विचारलं, तर असं ओरडून सांगितलंस की भिंतीपलीकडे ऐकू जावं."

"आणि गेलं?"

नर्सबाई पुढे वाकल्या. आता त्यांचा आवाज दोघींपुरताच होता.

"बाहेर बाकावर तुझा नवरा बसला होता. बाळाला बघायला आत आला, आणि आधी मलाच म्हणाला, नर्सबाई, आमच्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका. आणि हिलाही सांगू नका, मला कळलंय ते."

बाई दोर धरून तशाच उभ्या राहिल्या. थोरल्याच्या वेळी. म्हणजे अगदी सुरुवातीलाच. डोळे भरून आले, आणि त्याच वेळी असा काही राग आला की त्यांनी दोन्ही हातांनी दोर खाली खेचला.

घंटा वाजली. आवाज जमिनीतून पायात शिरला. पोरांनी किंचाळून कान झाकले, कबुतरं फडफडत उडाली, रस्त्यावरचे लोक थांबून वर बघायला लागले. दुसरा टोल पडला, तिसरा पडला. मंडळी टाळ्या वाजवायला लागली, आणि तेवढ्यात चौथा पडला. पाचवा पडला. बाईंचा पदर खांद्यावरून घसरला होता, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या काहीतरी पुटपुटत होत्या ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

पाळक काळजीने पुढे झाले. नर्सबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं.

"मध्ये पडू नका," त्या म्हणाल्या. "नवऱ्याशी भांडतेय ती."