समईच्या तेलातली सुरी

चाकणच्या आठवडी बाजारात सगळ्यात जास्त गर्दी रंगराव लोहाराच्या भट्टीपुढे होती. तात्याबा भगत डोळे मिटून पुटपुटत होता. रंगरावानं लालभडक पातं देवीच्या समईच्या तेलात बुडवलं, भपकन जाळ उठला आणि पातं बाहेर आलं ते सरळ, अखंड. लोकांनी हात जोडले.

"देवी पोलाद पिते आन् पाप वकते," भगत म्हणाला. म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.

पाप कुणाचं, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. लग्न झालं त्याच साली रंगराव ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पोलादी पाट्यांपासून सुऱ्या घडवू लागला. तापल्या पात्याला पाणी पाजलं की ते टणकन तडकायचं, नाहीतर वाकायचं. भाता नवी बायको मंजुळा ओढायची. हिच्या हातचा वारा भट्टीला बाधतो, हिला धाडा आणि पातं समईच्या तेलात बुडवा, असं भगतानं सांगितलं आणि रंगरावानं तिला कासारवाडीला भावाकडे पोचवलं. सुऱ्या सुधारल्या की नेतो, म्हणाला. सुऱ्या सुधारल्या, 'सिद्ध सुरी' म्हणून पार खेडपर्यंत खपल्या. तो मात्र आला नाही. मंजुळाला स्वतःच्याच हातांची धास्ती बसली. भावाच्या तान्ह्या मुलीला ती उचलून घेईना.

शेजारी राहणाऱ्या शिक्षिका सुमनताईंनी तिची हकिगत ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "पूर्वी पातं पाण्यात घालायचे, आता तेलात. मग बदललं काय? तू, की तेल?"

पुढच्या बाजारी दोघी चाकणला गेल्या. सुमनताईंनी लोकांसमोर एकाच पाट्याची दोन पाती मागितली: एक मंत्रलेल्या पाण्यात बुडवायचं, दुसरं मंत्राशिवाय साध्या तेलात. गर्दीपुढे भगताला नाही म्हणता येईना. मंजुळाला लांब उभं करून त्यानं बादलीभर पाणी मंत्रून दिलं. पातं आत गेलं आणि तडकलं. मग मंजुळा भात्यावर बसली. तेल वाण्याकडचं, मंत्र नाही. दुसरं पातं सरळ निघालं.

सुमनताईंनी समजावलं: पाण्यात पातं फार झपाट्यानं निवतं. पातळ धार आधी गार होते, जाड पाठ मागे राहते आणि त्या ओढाताणीत पातं वाकतं, तडकतं. तेल उष्णता सावकाश ओढून घेतं. जुनं मऊ लोखंड पाणी सोसायचं, पाट्याचं पोलाद सोसत नाही. भगत पूर्वी पुण्याच्या एका कारखान्यात पोलाद तेलात निववायचंच काम करायचा, हेही तिथंच कुणीतरी सांगितलं. तोवर तो बाजारातून निघून गेला होता.

लोक थक्क झाले होते. रंगराव तेवढा खाली बघत होता. मंजुळाच्या ते ध्यानात आलं.

"तुमाला ठावं व्हतं?"

त्यानं कबूल केलं. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यानं एकट्यानं साधं तेल वापरून पाहिलं होतं आणि पातं सरळच निघालं होतं. पण सिद्ध सुरीला गिऱ्हाईक होतं, आणि मंजुळा परत आली असती तर सुरी सिद्ध राहिली नसती.

"आता चल घरी," तो म्हणाला.

"भगत मला वळखत न्हवता," मंजुळा म्हणाली. "तुमी तर वळखत व्हता."

ती सुमनताईंबरोबर कासारवाडीला परतली.

बाबांनो, माणसावर बोट ठेवण्याआधी वस्तू तपासून बघा. आणि खरं कळल्यावर स्वतःच्या सोयीसाठी गप्प बसणाऱ्याला भोळा म्हणू नका. त्याच्या गप्प बसण्यावरच भगताचं दुकान चालतं.