भागोजीची जीप

माझ्या नवऱ्याचं नाव पीटर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या ज्या छोट्याशा वाडीत, इकडच्या भाषेत कोंडात, आम्ही घर घेतलं, तिथे पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘पितर’ झालं. पोरं लांबूनच ओरडायची, “पितर आलं, पितर आलं!” आणि हा हॉलंडचा ताडमाड माणूस आनंदाने हात हलवायचा. पितर म्हणजे काय ते मी त्याला सांगितलं, तेव्हा तो हसून हसून बेजार झाला. मला ते नाव कधीच आवडलं नाही. ज्याच्या हृदयात स्टेंट बसवलेत त्याला जिवंतपणी पितर म्हणू नये, एवढं साधं आहे.

कोंडाचं नाव सांगत नाही. माणसं चांगली आहेत, असं मी अजूनही म्हणते. म्हणताना दात आवळावे लागतात, इतकंच.

पीटरला निवृत्तीनंतर डोंगर हवा होता, कारण त्याच्या देशात तो मिळत नाही. मी जन्माची पुण्याची, मला डोंगर लांबूनच पुरतात. पण अर्धं आयुष्य मी त्याच्या सपाट देशात काढलं, आता त्याची पाळी होती. मग सुरू झाली आमची गंमत. कोणीही दार न वाजवता आत येई आणि फ्रीज उघडून बघे. प्लंबर “उद्या येतो” म्हणाला की पीटर विचारी, “किती वाजता?” आणि प्लंबर माझ्याकडे दयेने बघे. विजेच्या खांबावरचा फ्यूज, म्हणजे ‘डीओ’, उडाला की दोन दोन दिवस लाईट नाही. पीटर फिरायला निघाला की वाटेत प्रत्येक जण विचारायचा, “कुठं चाललात?” तो खरं सांगायचा, “कुठेच नाही.” हे उत्तर कोंडात कोणालाच पटलं नाही. शेवटी तो “दुकानात” असं बिनदिक्कत खोटं बोलायला शिकला.

एकच गोष्ट गमतीची नव्हती. महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की छातीत कळ आली तर तासाभरात इथे आणा, आणि याला घाटात गाडी चालवू देऊ नका. मला गाडी येत नाही. आमच्या गाडीत कोणाची तरी कोंबडी अंडी घालत होती. अँब्युलन्स फाट्यापर्यंतच येते, तीही फोन लागला तर, आणि फोन लागतो फक्त फणसाखाली. राहता राहिली भागोजीची जीप. कोंडात तेवढी एकच. मी आल्याआल्याच भागोजीला सगळं समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, “मॅडम, अर्ध्या रात्री हाक मारा.”

खालच्या वळणावर येसूबाई राहायची. विधवा, एकटी, एक शेळी. मुलगा दीपेश विरारला, सणालाही येत नसे. कोंडातली बाकीची माणसं कामापुरतं बोलायची, पण येसूबाई मला कुंपणाशी धरून तास तास बोले. नाचणी, सुना, सर्पदंश, विरारचं पाणी, काही वर्ज्य नव्हतं. पीटरला तिने पातोळ्या खायला घातल्या, भाकरी थापायला बसवलं. तो घरी येऊन म्हणायचा, आपल्याला इथे एक तरी मैत्रीण मिळाली. मलाही तसंच वाटायचं. तिच्याकडे दुसरं कोणी कधीच कसं येत नाही, हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

गणपती झाले आणि दूध यायचं बंद झालं. मी म्हटलं, म्हैस आटली असेल. सुतार अर्धं कपाट टाकून गेला तो गेलाच. मी म्हटलं, सुतारच तो. दुकानात मी गेले की साखर संपलेली असे, माझ्या मागून आलेल्या बाईला मात्र मिळे. पोरांनी पितर पितर ओरडणं सोडलं, तेव्हा तर मला बरंच वाटलं. मग एका बाजाराच्या दिवशी मी वाटेवर हात करून उभी राहिले आणि भागोजीची जीप माझ्या पायांवर धूळ उडवत निघून गेली. भरली असेल, मी म्हटलं. मागची आख्खी बाकडी रिकामी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

भात कापणीला आलं त्या सुमारास, दुपारचं जेवण झाल्यावर पीटरने छातीवर हात ठेवला. चेहरा पांढराफटक. मी चपला न घालता भागोजीच्या अंगणात धावले. जीप दारातच उभी होती. भागोजी ओटीवर विळा परजत बसला होता.

“भागोजी, चला, साहेबांच्या छातीत दुखतंय!”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. विळ्याकडे बघत म्हणाला, “डिझेल नाय.”

“सकाळी तर पोलादपूरला जाऊन आलात!”

“नाय म्हटलं ना.”

मी वाटेवर येऊन ओरडले. भर दुपार, सगळी माणसं घरात. समोरचं दार लागलं. मग त्याच्या शेजारचं. कोणी धाडकन लावली नाहीत, हळूच लावली, झोपलेलं मूल उठू नये अशी. घरी आले तर पीटर उठून बसला होता, रंग परत आला होता. वायू असावा. त्याने विचारलं, “जीप कुठे आहे?” मी सांगितलं, डिझेल नाही. त्याचा विश्वास बसला. माझाच बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत चालत गेले आणि एसटीने पोलादपूर गाठलं. स्टँडबाहेर भागोजी चहा पीत उभा होता. मी सरळ समोर जाऊन उभी राहिले. त्याने आधी चारी बाजूंना पाहिलं.

“इथं बोलतो. कोंडात नाय बोलणार,” तो म्हणाला. “तुमचं येसूबाईकडे येणंजाणं हाय.”

“मग?”

“तिला वाळीत टाकलेली हाय. देवळाच्या मंडपाला जागा मागितली, तिनं नाय म्हटलं. तिच्याशी बोलंल तो तिच्यासारखा.”

“हे आम्हाला कोणी का नाही सांगितलं?”

“गावकीला वाटलं, तुम्ही जाणूनबुजून करताय. शिकलेली माणसं.”

माझं डोकं भडकलं. मी म्हटलं, याच्याविरुद्ध कायदा आहे, तुम्हा सगळ्यांना आत टाकीन.

“हाय ना कायदा,” भागोजी शांतपणे म्हणाला. “मग साहेबांना दुखंल तेव्हा कायद्याची गाडी बोलवा.” त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. “माझ्या पोरीचं लग्न ठरलंय, मॅडम. मला पण टाकतील. देवळात नारळ ठेवा, तिच्याशी संबंध नाय म्हणा. तेवढंच.”

परत येताना मी येसूबाईच्या कुंपणाशी थांबले. मी काही बोलायच्या आधीच तिला कळलं.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हटलं. “आमचं काय होईल ते ठाऊक होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर बोलली असतीस?” ती म्हणाली. मग कुंपणावरून माझं मनगट धरलं. “मागल्या दारानं येत जा गो बाय. कोण बघत नाय.”

मला तिचा भयंकर राग आला. माझ्या नवऱ्याचा जीव टांगणीला लावून ही बाई चार शब्द कमावत होती. आणि त्याच क्षणी तिची इतकी कीव आली की मला स्वतःचाच राग आला. मी हात सोडवून घेतला.

नारळ ठेवला. गावकीसमोर ते वाक्य म्हटलं. माझा आवाज अगदी स्वच्छ होता. पीटरला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो भर वाटेवर खुर्ची टाकून तिच्याशी गप्पा मारत बसला असता. त्याला मी सांगितलं की येसूबाई मुलाकडे मुंबईला गेली आहे, आणि फिरायला त्याला वरच्या वाटेने नेऊ लागले. सकाळी दूध आलं. सुताराने कपाट पुरं केलं. पोरं पुन्हा ओरडू लागली.

दिवाळी झाल्यावर पीटरला तपासणीसाठी महाडला न्यायचं होतं. भागोजीने स्वतः दाराशी येऊन हॉर्न दिला. जीप भरलेली. पीटरला पुढची जागा मिळाली, मी त्याच्या मागे. खालच्या वळणावर जीपचा वेग कमी झाला आणि रस्त्याच्या कडेला शेळीची दोरी धरून येसूबाई उभी होती.

पीटरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. “येसूबाई! मुंबईहून कधी आलात?”

भागोजीने ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. जीपमध्ये कोणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

येसूबाईने आधी पीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुंबई कुठून आली ते तिला समजलं असणार. तिने पाठ फिरवली आणि शेळीच्या मानेवर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, “माझ्याशी नाय रे भागोजी. शेळीशी बोलला तो.”

आता हे खोटं आहे असं म्हणायचं तर तिचं बोलणं ऐकलं हे कबूल करावं लागलं असतं. तिला उत्तर द्यावं लागलं असतं. जीपमधल्या एकाचीही ती छाती नव्हती. भागोजीने मुकाट चावी फिरवली.

पीटर गोंधळून मागे वळला. सगळ्यांना कळावं म्हणून तो जीपमध्ये नेहमी मराठीतच बोलतो. “ती माझ्याशी का बोलली नाही? बरं नाही का तिला? परत येताना आपण तिच्याकडे थांबू.”

भागोजी आरशातून माझ्याकडे बघत होता.

“नाही थांबायचं,” मी मोठ्याने, मराठीत म्हटलं.