चुलीपुढची बसम्मा

'पात्राच्या त्वचेचा रंग बदललेला नाही. केवळ प्रकाशयोजना सुधारली असून, ती सुधारणा कुमारी रुखसार जलील शेख हिने स्वतःच्या मर्जीने केली आहे.'

लातूरच्या एका चित्रसंस्थेच्या चौकशी समितीचे हे निवेदन. रंग बदललाच नव्हता, तर दोषी कशासाठी शोधला, हे समितीला विचारणारे कोणी नव्हते. प्रकाशाची कथा त्याहून सुरस. चित्रात उजेड एकच, चुलीचा. डावीकडून, खालून येणारा. मग बाईचा उजवा गाल, जिथे अंधारच हवा, तो दुधासारखा कसा उजळला? शेजारच्या पितळी घागरीतले तिचे प्रतिबिंब मात्र अजून सावळेच कसे? सुधारणा करणाऱ्याला घागर दिसलीच नव्हती.

हे सारे रुखसारला कळत होते, तरी हाती पुरावा नव्हता. चित्र तिने संगणकावर काढले खरे, पण मूळ फाइल आता प्रमुखांच्या कुलपात होती. समोर निवेदन, खाली सहीची जागा. सही केली तर काळ्या बाईला गोरी करणारी म्हणून नाव बदनाम, आणि थेट अहमदपूरला घरी परत. नाही केली, तर नोकरी आजच गेली.

त्याहून मोठी धास्ती दाराबाहेर बसली होती. बसम्मा. रुखसारच्या वसतिगृहात भाकऱ्या थापणारी ही बाई आरोग्य मोहिमेच्या पोस्टरसाठी तिच्यापुढे एकाच अटीवर बसली होती: "जशी हाय तशीच काढ, पोरी." पोस्टर उदगीरकडच्या तिच्या गावी लागले, तेव्हा बायांनी विचारले, "बसम्मा, तोंड खडूनं घासलं की काय गं?" तक्रार तिथूनच निघाली.

बसम्मा आत आली. तिने रुखसारकडे पाहिलेही नाही.

संस्थेचे प्रमुख शेषेराव सर हेच समितीचे अध्यक्ष. संस्थेतल्या प्रत्येक चित्रावर शेवटचा हात त्यांचा फिरे, आणि कौतुकही तिथेच थांबे.

"मावशी, चित्र ओळखता?"

"हाव. म्याच हाय म्हणं. सासरच्यांनी वळखलं न्हाई, ती गोष्ट येगळी."

"मग तक्रार काय?"

"तक्रार कशाची? लई ब्येस झालंय. जलमात येवढी गोरी झाले न्हाई. रुखसारच्या हातात येवढी कला हाय, म्हाईत नव्हतं बगा. पोरीला बक्षीस द्या, सायेब."

रुखसारला वाटले, हिनेच आपल्याला बुडवले.

शेषेरावांच्या कपाळाला आठी पडली. "तिच्या हातात?"

"मंग कुणाच्या? तिच्याबिगर हितं कुणाला येतंय असलं?"

"सर, राहू द्या," समितीचे सदस्य संगप्पा घाईने म्हणाले. पण सर उभे राहिले होते. आयुष्यभर दुसऱ्याचे कौतुक घरी नेण्याची सवय. स्वतःचे दुसऱ्याच्या पदरात पडताना कसे पाहवणार? त्यांचे शब्द नोंदीत आले ते असे:

"तिला काय येतंय? तिनं तर कोळशासारखी काढली होती. असला चेहरा भिंतीवर कोण लावील? रंग मीच उजळला, स्वतः बसून. आणि सही तिची घ्या म्हटलं, कारण नाव खराब झालं तर तिचं होऊ दे, माझं नको."