फ्रिजमधली किल्ली

माझ्या धंद्यातल्या माणसांना शांतता ऐकू येते, आणि ती कधीच पुरेशी शांत नसते. मी आवाज देते. पुस्तकं वाचते, जाहिरातींत बोलते, आणि कार्टूनमधल्या एका खवचट बदकाचा आवाज तर गेली नऊ वर्षं माझाच आहे. घरी त्यासाठी गाद्यांनी मढवलेली एक कोंदट खोली आहे. बाहेरगावी जाताना पायमोज्यात गुंडाळलेला मायक्रोफोन, टोपीत कोंबलेल्या वायरी, लॅपटॉप आणि एक जाड रजई, एवढा संसार बॅगेत भरून नेते. बाबा म्हणतात, मुलगी भेटायला आलीय की बिऱ्हाड हलवायला, तेच कळत नाही.

आई जाऊन पाच महिने झाले होते. मी तीन दिवसांसाठी बाबांकडे गेले आणि तिन्ही दिवस पायाला भिंगरी लागल्यासारखी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. एका जागी बसलं की आई नाही हे कळायचं. बाबांनी तिचं सगळं जागच्या जागी ठेवलं होतं. चष्मा, कपाटातले कपडे, आणि फ्रीजरमध्ये तिनं शेवटची करून ठेवलेली भाजी. डब्यावर तिच्या तिरक्या अक्षरात तारीख होती. पहिल्या दिवशी मी तो नुसता सरकवला, तर बाबा म्हणाले, "त्याला हात लावू नकोस. तिच्या हातचं तेवढंच उरलंय." मी पुन्हा लावला नाही.

निघायच्या दिवशी दुपारी संकलकाचा फोन आला. माझं वाचन कापून-जोडून त्याचं ऐकायचं पुस्तक करणारा हा माणूस.

"चार वाक्यं परत हवीत. घरी येतो तसाच आवाज आला पाहिजे. आणि पाचच्या आत."

त्याला सगळंच पाचच्या आत लागतं. जन्माला येतानाही तो घड्याळ बघत आला असणार.

मी आईचं कपाट उघडलं. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून तिच्या शालींच्या मधोमध मायक्रोफोन उभा केला, डोक्यावरून रजई घेतली, हेडफोन चढवले. तर कानात फ्रिजची घरघर. भिंतीपलीकडेच स्वयंपाकघर होतं.

रेकॉर्डिंगपुरता फ्रिज बंद करणं आमच्यात रोजचं. परत चालू करायला विसरणंही रोजचं, म्हणून आमची एक रीत आहे. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली आत ठेवायची. किल्लीवाचून निघता येत नाही, ती घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो, आणि आत अंधार दिसला की आठवतं. ही युक्ती आजवर एकदाही फसली नव्हती. मी बटण बंद केलं आणि किल्ली दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. बाबा आतल्या खोलीत झोपले होते.

चार वाक्यांना अडीच तास लागले. आधी शेजारी कुणीतरी खिळे ठोकत होतं. ते थांबलं तर माझाच गळा दाटायला लागला, कारण शालींना अजून आईचा वास होता आणि तिसरं वाक्य नेमकं हसून म्हणायचं होतं. शेवटी कशीबशी फाईल पाठवली.

"दुसऱ्या वाक्यात श्वास ऐकू येतोय," संकलक म्हणाला.

"जिवंत आहे मी. येणारच," असं म्हणून मी ते पुन्हा रेकॉर्ड केलं.

पाचला दहा कमी असताना त्याचं 'चालेल' आलं. मी सामान बॅगेत कोंबलं. दाराजवळच्या खिळ्यावर किल्ली लटकत होती, ती घेतली.

"पोचल्यावर फोन कर, भोंग्या," बाबा म्हणाले. लहानपणी मी फार मोठ्यांदा बोलायचे, तेव्हापासूनचं हे नाव.

तासाभरानं पेट्रोल भरायला थांबले. टाकीचं झाकण उघडायला किल्ली काढली आणि तिच्याकडे बघतच राहिले. ही खिळ्यावर कशी आली? मी तर ती खिळ्याला लावलीच नव्हती. फोन लावला, चारदा लावला. बाबा संध्याकाळी फिरायला जातात आणि फोन घरी ठेवतात. मी गाडी वळवली.

सगळ्या रस्त्याभर स्वतःला शिव्या घालत होते. उकाडा, जुना फ्रिज, आणि त्याचं दारही धड लागत नाही. बटण बंद करताना मला त्या डब्याची साधी आठवणही झाली नव्हती. कानात फक्त घरघर होती आणि डोक्यात पाच वाजायचे होते. मला फार लाज वाटत होती.

स्वयंपाकघरात फरशीवर पाणी होतं आणि त्यावर एक फडकं टाकलेलं होतं. बाबा टेबलाशी बसले होते. समोर तो डबा, झाकण उघडं.

"पाणी प्यायला उठलो, तर तुझी किल्ली फ्रिजमध्ये," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगी आईवरच गेलीय. तिचाही चष्मा एकदा तिथंच सापडला होता. किल्ली काढून खिळ्याला लावली. दिवा लागला नाही, तर वाटलं बल्ब गेला असेल."

मी त्यांना आमची रीत सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली.

"मला सांगायचंस ना," ते म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं.

"आता परत गोठवून उपयोग नाही," म्हणत ते उठले. भाजी भांड्यात काढून गरम केली आणि दोन ताटल्या मांडल्या. मी 'नको' म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा बघून बसले. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"खारट."

मीही खाऊन बघितली. जीभ चरचरली. दोनदा मीठ पडलं होतं, शेवटी शेवटी तिच्या लक्षात राहत नव्हतं तसं.

"चाळीस वर्षं सांगतोय हिला," बाबा म्हणाले, "मीठ जरा बेतानं घाल म्हणून. ऐकेल तर शपथ." आणि रडायला लागले. पाच महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

रडता रडताच त्यांनी पुन्हा वाढून घेतली. उरलेली भांडं कलतं करून माझ्या ताटलीत घातली, डोळे पुसले आणि माझा पेला माझ्याकडे सरकवला.

"पाणी घेऊन बस," ते म्हणाले. "संपवायचीय."