आकडा सांगा आणि गप्प बसा

नफिसा मुकादम कलाकारांना पैशाची अक्कल शिकवायची आणि स्वतःच्या बाबतीत तिच्याकडे ती औषधालाही नव्हती. वाशीतल्या तिच्या एवढ्याशा गाळ्यात नाटकवाले, ढोलकीवाले, लग्नात अँकरिंग करणाऱ्या पोरी, सगळे यायचे. ती त्यांचे करार वाचायची, टॅक्स भरायची, "फुकट काही करायचं नाही" असा दम भरायची. आणि फी विचारली की बाई विरघळल्याच! "राहू दे हो, तुम्ही आपलेच." तिचा ड्रॉवर नाटकांच्या पासांनी गच्च भरला होता. त्यातली निम्मी नाटकं बंदही पडली होती.

गाळा तिच्या अब्बांचा. अय्युब मुकादमांचं तुर्भ्याला हार्डवेअरचं दुकान. त्यांनी जानेवारीतच सांगून टाकलं होतं, "बेटा, मार्च संपेपर्यंत गाळ्याचं एका महिन्याचं भाडं, पंधरा हजार, स्वतः काढून दाखव. नाहीतर मी तो बॅगवाल्याला देतो, तू आपली परत नोकरीला जा." बोलायला काय जातं! त्यांच्या दुकानाचं जीएसटी दोन वर्षं हीच फुकटात भरत होती, ते मात्र सोयीस्कर विसरायचे. आणि नोकरीचं तर नावही नफिसाला नको होतं. आठ वर्षं एसीत बसून तिने पंख्याच्या कंपनीचे हिशेब केले होते. तिला हेच काम हवं होतं, ही गाणारी-नाचणारी माणसंच हवी होती.

मार्चच्या मध्यावर निशिगंधा आली. नेरूळ गावातली, हळदीला गाणारी. तिने स्वतः रचलेलं एक गाणं पोरांच्या मोबाइलवर नुसतं धुमाकूळ घालत होतं, आणि एका म्युझिक कंपनीने तिला करार धाडला होता.

"सही करूनच टाकते मॅडम. एकदम दीड लाख देतान."

नफिसाने कागद वाचला आणि चष्मा काढला. "यात गाणं, चाल, सगळं कायमचं त्यांचं होतंय. उद्या तुझ्या पोरीच्या हळदीला स्टेजवर गायचं म्हटलंस, तरी त्यांना विचारावं लागेल."

"माझंच गानं?"

"तुझंच."

निशिगंधाचं तोंड एवढंसं झालं.

"विकू नकोस. तीन वर्षं वापरायला दे. दीड लाख आधी, वर कमाईत वाटा. जाऊन सांग."

"मना नाय जमनार वो! आकडा सांगताना लाज वाटते. तोंडातून निघतंच, द्या तुमाला वाटंल ते."

मग काय, नफिसाने तिला उभीच केली. स्वतः झाली कंपनीवाला. नियम सोपा होता. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आकडा सांगायचा आणि तोंड बंद. मनात दहापर्यंत मोजायचं, मधे चकार शब्द नाही. पहिल्या खेपेला निशिगंधा तिनावरच घसरली, "पन कमीजास्त करू." दुसऱ्या खेपेला पाचावर हसायला लागली. सहाव्या खेपेला मात्र अशी रोखून बघत राहिली की खोट्या कंपनीवाल्यालाच घाम फुटला.

"शाबास! जा आता."

जाताना तिने पर्स उघडली. नफिसा म्हणाली, "राहू दे गं." निशिगंधा तिच्याकडे जरा विचित्रच बघून गेली.

आणि बघता बघता एकतीस मार्च उजाडला. अब्बांनी आदल्या दिवशीच गाळ्याची दुसरी किल्ली मागून घेतली होती. सकाळी येऊन ते समोरच्या खुर्चीत बसले. बॅगवाला अर्ध्या तासात जागा बघायला येणार होता. नफिसा फायली खोक्यात भरत होती. रडू येत होतं, पण अब्बांसमोर रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

तेवढ्यात निशिगंधा पेढे घेऊन दारात!

"मॅडम, मानले त्यांनी! तीन वर्षं, दीड लाख आनि वाटा. मी आठपरेंत मोजलं, न साहेबच बोलला!"

नफिसाने तिला मिठीच मारली. मग निशिगंधाने पर्समधून एक सुपारी काढून टेबलावर ठेवली. "आमच्यात कार्यक्रम ठरवाला सुपारी देतान. आता तुमचा रेट सांगा."

"अगं, राहू दे..."

"खोक्यात बघू नका, वर बघा! आकडा सांगा, न तोंड बंद."

नफिसाचे कान तापले. अब्बाही बघत होते. "पंधरा हजार," ती पुटपुटली आणि लगेच "पण तुला..." म्हणायला तोंड उघडलं. निशिगंधाने ओठांवर बोट ठेवलं. गाळ्यात फक्त पंखा फिरत होता. नफिसाने मोजलं. किती लांब असतात हे दहा आकडे!

"चालंल," निशिगंधा म्हणाली आणि लगेच मोबाइलवरून पैसे पाठवलेसुद्धा. "आमच्या हळदीच्या लायनीत अकरा गायक हान. सगल्यांना आनते. पन फुकट करशाल तं नाय आननार."

ती गेल्यावर अब्बा खाकरले. "चांगलंय. बरं, दुकानाचं जीएसटी भरलंस का या महिन्याचं?"

नफिसाने हातातली फाइल खाली ठेवली. वर बघितलं, थेट त्यांच्या डोळ्यांत.

"तीन हजार, अब्बा. दर महिन्याला."

आणि गप्प बसली. अब्बांच्या भुवया वर गेल्या. ती मोजत राहिली. पाच. सहा. सातला त्यांच्या मिशा हलल्या. नवाला त्यांनी खिशात हात घातला आणि गाळ्याची किल्ली काढून सुपारीशेजारी ठेवली.