हिवराखालचा पट्टा

मी गहिनीनाथ, गावाच्या गायरान समितीचा अध्यक्ष. गायरानातली हिवराची सत्तर झाडं मीच तोडायला लावली. त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडू नका.

आमचं गायरान संगमनेरच्या पठारावर, उताराला. वर वीतभर माती, खाली मुरूम. दर दिवाळीला चिठ्ठ्या टाकून गवताचे पट्टे वाटतात. ज्याला जो निघेल, तो त्याने वर्षभर कापायचा. हिवराखालचा काटेरी पट्टा कुणाला नको असायचा, म्हणून तो चिठ्ठीविना छबूकाकूला. एकट्या बाईची एकच गाय, तिचं तेवढ्यावर भागायचं.

ग्रामसभेत मी म्हणालो, "झाडं गवताचं ऊन खात्यात. तोडली की गवत दुप्पट!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. छबूकाकू मात्र उठली. "गहिनी, उन्हाळ्यात समदं रान करपतं तवा माज्या हिवराखाली गवत हिरवं असतं. पाला कुजून माती झालीय तितं. मुळ्यांनी धरून ठिवलीय ती."

"काकू, फुकटचा पट्टा जाईल म्हनून तुज्या पोटात दुखतंय!" सभा खो खो हसली. मला फार बरं वाटलं.

पहिल्या वर्षी पाऊस बेताचा, पण वेळेवर झाला. गवत गुडघ्याला लागलं. माझा सत्कार झाला आणि भाषणात मी पुन्हा तिचं हसं केलं.

दुसऱ्या वर्षी अख्ख्या जूनचा पाऊस दोन दिवसांत कोसळला. उतारावरची माती वाहून खाली आली, ती ओढ्याकाठच्या माझ्या पट्ट्यात अडली. मग दोन महिने नुसतं ऊन. वर उरली ती कुसळी, जनावरांच्या तोंडात घुसणारी. छबूकाकूच्या पट्ट्यात तर तीही नाही.

भाद्रपदात ती दारात आली. "गाय व्यायला झालीय. तुज्या पट्ट्यातल्या चार पेंढ्या दे, तेवढ्यात निभंल तिचं."

"ज्याची चिठ्ठी त्याचं गवत, नियम हाय, काकू. तुला दिलं तर उद्या समदं गाव दारात उभं ऱ्हाईल."

माझ्या गोठ्यात गवताची गंजी आढ्याला टेकली होती. तिने ती बघितली आणि निघून गेली.

नवव्या दिवशी गाय बसली, ती उठलीच नाही. वासरू पोटातच गेलं. मला लाज वाटायला हवी होती, पण आला राग. बाई खरी ठरली होती, आणि ते मला सहन होत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच उतारावर झाडं लावायची योजना आली. खड्डे खणणाऱ्या मजुरांत छबूकाकू होती; दावण रिकामी झाल्यावर दुसरं करणार काय? मी माप घेऊन तिच्यापाशी गेलो. खड्डा दोन फूट हवा होता, तिचा घोट्याएवढासुद्धा नव्हता. पहार दगडावर ठणठणत होती.

"कसाबसा फोडीन, पर भरायला माती कुटून आनू, गहिनी?" तिने विचारलं.

माती कुठे आहे, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"ते तुजं तू बघ," मी म्हणालो, "न्हाईतर हा खड्डा मजुरीत धरायचा न्हाई."